ह्याला पाणी किती लागतं?

प्रथम तारखा. गुढीपाडव्याच्या आधीचा रविवार, दुपारी : दुकानात एक प्रश्न विचारण्यात आला, त्याचे उत्तर देण्यात आले नाही. गुढीपाडवा : मशीन घरात आले. नागपंचमीचा दुसरा दिवस : वृत्तपत्रातील वाचकांच्या सदरात माझे पत्र छापून आले. गणपती बसण्याच्या आधीचा आठवडा : शेजारच्या आक्कांनी त्या पत्राच्या भरवशावर तेच मशीन विकत घेतले. घटस्थापनेच्या तीन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास : खरा प्रकार उघडकीस आला. या प्रकरणी जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, दुकानाचे मालक. दोन, माहितीपत्रक लिहिणारा कंपनीचा अज्ञात इसम. तीन, माझे वडील. चार, मी.

साल मी मुद्दाम देत नाही. आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात वर्षे सणांनी मोजली जात आणि सणांचे काम बायका करीत, एवढी नोंद पुरेशी आहे. मी आयुष्यभर पत्रे लिहिली. एस. टी. उशिरा सुटली म्हणून लिहिले, विजेचे मीटर चुकीचे वाचले म्हणून लिहिले, दुधाच्या पिशवीवरची तारीख पुसट आहे म्हणून लिहिले. प्रत्येक पत्रात आधी घटनाक्रम, मग जबाबदार व्यक्ती आणि शेवटी जाहीर खुलाशाची मागणी, हा क्रम मी कधी मोडला नाही. आज तोच क्रम माझ्या स्वतःच्या घराला लावतो आहे. उशीर झाला आहे हे मान्य. पण मुदतीचा कायदा दाव्यांना लागू होतो, आठवणींना नाही.

निमित्त घडले ते मागच्या महिन्यात. कळंब्याच्या आमच्या फ्लॅटमधले कपडे धुण्याचे मशीन एका सोमवारी मोठ्याने खडखडले आणि कायमचे थांबले. सूनबाई मेघना म्हणाली, “बाबा, नवीन कुठलं घ्यायचं ते तुम्हीच बघा. टिकाऊ हवं, पाणी-वीज कमी खाणारं हवं. तुम्ही बारीक अक्षरातलं सगळं वाचता.” हा विश्वास ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्या तळाशी एक फाइल आहे, तीत तीन कागद आहेत : एक तक्ता, एक कात्रण आणि एक न पाठवलेले पत्र. हे प्रकरण त्या तीन कागदांविषयी आहे.

आई आजऱ्याची. लहानपणी ती काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी जाळते. बायका हाताला राख फासून बसत, तरी ते बोटांच्या पेरांत शिरे. आईच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आणि पहिल्या दोन बोटांवर त्या तेलाने कायमची सही केली होती. तिथली कातडी पातळ, चकचकीत आणि फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक होती. सुईदोरा ओवताना ती तिसरे बोट वापरायची. माहेराहून दर वर्षी घनसाळ तांदळाचे पोते यायचे आणि त्या दिवशी अख्ख्या बोळाला कळायचे की मास्तरांकडे भात शिजतो आहे. ती भात वाढायची, सोबत ओल्या काजूची उसळ असली तर मला दोनदा वाढायची, स्वतः मात्र काजूला हात लावत नसे. “लय खाल्लंय ल्हानपणी,” एवढेच म्हणायची. तिने खाल्ले नव्हते, फोडले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आले.

आमच्या परसात धुण्याचा एक काळा दगड होता. एका बाजूला झिजून त्याला उतार आला होता. सकाळी सहाला नळ सुटे आणि साडेसातला जाई. त्या दीड तासात पिंप भरायचे, पिण्याचे भरायचे आणि धुणेही उरकायचे. धोपटण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो : दोन जोराचे, एक हलका, मग पिळताना पाण्याची धार. मी त्या आवाजावर जागा होत असे. वडिलांच्या धोतरांना सोडा लागे आणि सोड्याने आईची बोटे फाटत. रात्रीचे जेवण झाल्यावर ती कोकमाच्या तेलाची वडी दिव्यावर धरून मऊ करायची आणि चिरांत भरायची. त्या हिवाळ्यात चिरा भरून येईनात, पू झाला. डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि वडिलांना सांगितले, “मास्तर, ह्या बोटांना आता सोड्याचं पाणी बंद. नाहीतर हात कामातनं जातील.” म्हणून मशीन. चैन म्हणून नव्हे, शेजाऱ्यांना दाखवायला नव्हे. एका बाईचे दोन हात वाचवण्यासाठी. हा मूळ हेतू वाचकांनी शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा, कारण आम्ही तो पहिल्या आठवड्यातच विसरलो.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते हायस्कुलात भूमिती शिकवीत आणि कोणताही प्रश्न चौकटीत मांडला की सुटतो, अशी त्यांची श्रद्धा होती. मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्गात होतो. पुरावा, करार, हमी हे शब्द नव्या बुटांसारखे करकरत वापरत होतो. आम्ही दोघांनी ठरवले की मशीन भावनेने नव्हे, पुराव्याने निवडायचे. शहरातल्या प्रत्येक दुकानातून मी माहितीपत्रके आणली आणि मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर तुलनात्मक तक्ता आखला. त्यात नऊ रकाने होते : कंपनी, किंमत, मोटारची हमी, वीज, कपड्यांचे वजन, ड्रमचा धातू, दुरुस्तीची सोय, सुटे भाग, शेरा. दोन प्रकार तेव्हा मिळत. एका प्रकारात बाईने बादलीने पाणी ओतायचे, धुतलेले कपडे उचलून शेजारच्या खणात पिळायला टाकायचे. दुसरा प्रकार सगळे आपोआप करी. आपोआप करणाऱ्या एका मशीनने माझ्या तक्त्यात सर्वाधिक गुण मिळवले. आबांनी लाल शाईने त्याच्याभोवती चौकट काढली. तो तक्ता आजही माझ्यासमोर आहे. अक्षर सुंदर आहे. नऊ रकाने आहेत आणि त्यांत पाण्याचा रकाना नाही. ज्याने उभ्या जन्मात एक बादली भरली नव्हती, त्याला तो कसा सुचणार?

आईला आम्ही दुकानात नेले ते शोभेसाठी. मालकांनी तिला खुर्ची दिली, थंड मागवले. आबांनी टेबलावर तक्ता उलगडला. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकेही जवळ आली. मालक म्हणाले, “मास्तर, असलं गिऱ्हाईक आयुष्यात बघितलं न्हाई. आमच्या कंपनीच्या सायबाला दावायला पायजे हे.” आबा फुलले. मी त्याहून फुललो. मी हमीच्या अटी वाचून दाखवीत होतो, मालक माना डोलावत होते, आणि आई खुर्चीतून उठून मशीनजवळ गेली. तिने झाकण उघडले, आत वाकून पाहिले, ड्रमच्या आतून हात फिरवला. मग मागे लोंबणारी नळी उचलून तिच्या तोंडात एक डोळा मिटून पाहिले आणि विचारले, “ह्याला पाणी किती लागतं?”

मालक म्हणाले, “वैनी, पाणी त्ये आपलं आपण घेतंय.”

“घेतंय व्हय. पर किती घेतंय? आन् नळ बारीक आसला तर?”

दुकानात हशा झाला. मी म्हणालो, “आई, ते टेक्निकल आहे. आम्ही बघितलंय सगळं.” तिने नळी जिथे होती तिथे पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. थंडाची बाटली अर्धी तशीच राहिली.

पाडव्याला मशीन आले. हारतुरा, हळदकुंकू, नारळ. आबांनी स्वतः स्वस्तिक काढले. तक्ता देवीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवला आणि येईल त्याला तो दाखवला जाऊ लागला. पाहुणे आले की आधी चहा, मग तक्ता, मग मशीन. आईला विचारले जायचे, “कसं हाय वो मशीन?” ती म्हणायची, “झ्याक हाय की.” मी सकाळी सातला कॉलेजला जात असे, दुपारी एका वकिलांकडे टाइपिंग करत असे आणि संध्याकाळी सहाला घरी येत असे. बोळाच्या तोंडाशी आलो की परसातून तो आवाज ऐकू यायचा : घरघर, मग वाढत जाणारी गुणगुण, मग थरथरत थांबणे. मला अभिमानाने भरून यायचे. सकाळचे धोपटणे बंद झाले होते. माझ्या मते हा तक्त्याचा विजय होता.

चार महिन्यांनी मी आकडे तपासले. विजेचे बिल जवळपास होते तेवढेच. धुण्याच्या पावडरचा एक डबा संपता संपत नव्हता. मशीनवर ओरखडा नाही, नळीला गळती नाही, दुरुस्तीवाल्याचे तोंड पाहावे लागले नाही. इतके टिकाऊ, इतके काटकसरी यंत्र पृथ्वीच्या पाठीवर दुसरे नसेल, असे मला वाटले आणि मी वृत्तपत्राला पत्र लिहिले. ‘गृहोपयोगी यंत्राची निवड कशी करावी : एक स्वानुभव’ असे त्याला शीर्षक दिले. संपादकांनी ते एक शब्द न कापता छापले, खाली माझे पूर्ण नाव आणि पेठ. आबांनी त्या अंकाच्या सहा प्रती आणल्या. आईला मी पत्र मोठ्याने वाचून दाखवले. ‘माझ्या मातोश्रींचे कष्ट आता संपुष्टात आले आहेत,’ या वाक्यापाशी ती म्हणाली, “चांगलं लिवलंयस,” आणि भाताचे पातेले उतरवायला उठली. ती पदरात हात गुंडाळून बसली होती. हेही मी त्या वेळी पाहिले आणि पाहिले नाही.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातले सगळे धुऊन काढतात. अंथरुणे, चादरी, पडदे, वाकळा. देवी बसायच्या आधी घरात मळका धागा राहता कामा नये. त्या दिवशी मला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला दारात हाक आली.

“ए वकील! भाईर ये. पळू नगंस.”

भिंतीपलीकडच्या आक्का. चार म्हशी, स्वतःचा रतीब आणि पेठेत कुणालाही न घाबरणारे तोंड. कमरेला पदर खोचलेला, पायापासून गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, आणि हातात माझ्या पत्राचे कात्रण. ते त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले होते, हे पाहून मला क्षणभर बरेच वाटले.

“ह्येच्याखाली तुझंच नाव हाय न्हवं?”

“हो, आक्का. का?”

“का म्हणून इचारतोस? रेडी इकली मी ह्या कागदावर. सून म्हणाली, मास्तरांच्या बाळूनं छापलंय म्हंजी खोटं नसंल. आता यीऊन बघ. बटन दाबलं की घूं घूं करतंय गाभण म्हशीगत, आन् दीड तास नुसतं पाण्याची वाट बघतंय. मशीन म्हणतंय पाणी दे, नळ म्हणतोय उद्या ये. आर्धं भरंस्तवर नळ जातोय. मग आमी दोघी सासूसुना बादल्या वतत बसायच्या. बारा बादल्या! दगडावर पाचांत हुतंय धुणं.”

बोळातल्या दोन-तीन बायका पाण्याच्या घागरी घेऊन थांबल्या. मी घसा साफ केला. “तुमचं जोडणीचं काम चुकलं असेल. आमच्याकडे तेच मशीन, तोच नळ, रोज व्यवस्थित चालतं. आईला विचारा.”

“कुठं हाय तुझी आई?”

“अंबाबाईला गेली आहे.”

आक्कांनी बायकांकडे पाहिले. “व्हय की गं! अंबाबाई आज घाटावर वाकळा बडवाय बसलीया. मी आत्ता तिच्या बगलंला धुवून आलो. जा बाबा, तूबी दर्शन घीऊन ये. आन् आलास की हितंच हुबं ऱ्हाऊन चारचौघांत सांग, ह्ये छापलंयस त्ये खरं का खोटं.”

मी नदीकडे निघालो तो रागाने. राग आक्कांवर होता, त्यांच्या अज्ञानावर होता. घाटाच्या पायऱ्या पावसाळ्याच्या गाळाने अजून निसरड्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर बायका होत्या. सगळ्या पेठांतली नवरात्राची धुणी तिथे उतरली होती. धोपटण्यांचा एकच कल्लोळ चालला होता. त्यातून मला एक ठेका ओळखू आला : दोन जोराचे, एक हलका. आई पाठमोरी होती. तिच्या शेजारी आमच्या दोन वाकळा, आबांची धोतरे आणि माझा पांढरा सदरा, मी ज्या सदऱ्यात मशीनचे गुणगान करत फिरत असे तोच.

“तू हितं कशाला आलास?” तिने वर पाहून विचारले.

“आई, हे काय चाललंय?”

“वाकळा. मशीनला जड हुत्यात.”

“आणि धोतरं? सदरा?”

तिने सदरा वाकळेखाली सारला. मी म्हणालो, “हात दाखव.” “ओलं हाईत,” ती म्हणाली आणि ते पदराखाली घेऊ लागली. मी ते धरले. डॉक्टरांनी ज्या बोटांना सोड्याचे पाणी बंद केले होते, त्या बोटांच्या टोकांना आता धड कातडी उरली नव्हती. चिरांवर चिरा, आणि उजव्या अंगठ्याची कातडी सबंध सुटलेली. हिवाळ्यात होते त्याहून वाईट. मला हे समजेना. तेव्हा तिने ते तुकड्यातुकड्याने, माझी समजूत घालत असल्यासारखे सांगितले. मशीन पहिल्या आठवड्यातच पाण्यावाचून अडले होते. बादल्या उचलून तिचा खांदा धरला. मग मी कॉलेजला गेल्यावर ती पुन्हा दगडावर धुऊ लागली, पण धोपटणे वापरीना. धोपटण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असता, आबा घरी घेत त्या शिकवणीत गेला असता. आवाज होऊ नये म्हणून ती हातानेच, बोटांनी घासत होती.

“मग संध्याकाळी मशीन चालू असायचं ते?”

“दोन टावेल आसायचं. बुचकाळून टाकलं की पिळायचं बटन तेवढं लावायचं. त्ये बटन माझं मीच शोधून काढलं हुतं.” या शोधाचा तिला थोडा अभिमान होता. “तू बोळात आलास की आवाज ऐकून हसत हसत यायचास. बरं वाटायचं.”

म्हणजे वीज वाचली होती ती अशी. पावडर उरली होती ती अशी. मी जगाला ज्या काटकसरीचा दाखला दिला, ती माझ्या आईच्या कातडीतून निघाली होती.

माझ्या हाती तेव्हा एकच हत्यार होते आणि मी तेच उपसले. “मी सोडत नाही त्या दुकानदाराला. नोटीस देतो. तू स्पष्ट विचारलं होतंस, पाणी किती लागतं म्हणून. साक्षीदार आहेत. उत्तर द्यायचं सोडून तो तुला हसला!”

आईने वाकळेचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले आणि पिळायला सुरुवात केली. जड वाकळ पिळायला दोन माणसे लागतात. दोन पीळ पडल्यावर ती म्हणाली, “त्यो मागनं हसला, बाळू.”

एवढेच. आवाजात राग नव्हता, दोष नव्हता. साक्षीदार वेळ सांगतो तशी तिने वेळ सांगितली. दुकानात हशा झाला असे मी वर लिहिले आहे. हशा आपोआप होत नाही. तो कुणीतरी सुरू करतो. पहिले हसू माझे होते. मी हसलो म्हणून मालकांना हसता आले, मालक हसले म्हणून गिऱ्हाइकांना, आणि शेवटी आबाही मिशीत हसले. माझ्या हातांवरून वाकळेचे गार पाणी कोपरापर्यंत वाहत आले आणि मी पिळत राहिलो.

पुढचे थोडक्यात. दुकानाने मशीन परत घेतले नाही. आईच्या हाताखाली ते दुसऱ्या कामाला लागले. तिने त्यात आजऱ्याचा तांदूळ भरला. उंदीर शिरत नाही, दमट लागत नाही, झाकण घट्ट. पुढची पुष्कळ वर्षे ते आमच्या घरातले सर्वांत विश्वासू कोठार होते. दगडावरचे धुणे मी घेतले. कॉलेज सुटेपर्यंत आणि त्यानंतरही, त्या घरात असेपर्यंत ते मीच धुतले. पहिल्या दिवशी भिंतीवरून आक्कांचे डोके वर आले आणि त्या ओरडल्या, “वकीलसाह्येब, कालर घासा की! कालर कुणाच्या बापानं घासायची?” आईच्या बोटांच्या चिरा दिवाळीपर्यंत भरून आल्या. आबांना हे सगळे आधीपासून माहीत होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. त्यांनी एके दिवशी तक्ता खिळ्यावरून मुकाट्याने काढला, यावरून वाचकांनी काय तो तर्क करावा.

आक्कांची मागणी मात्र शिल्लक राहिली. मी त्याच रात्री वृत्तपत्राला चूकदुरुस्तीचे पत्र लिहिले : मी छापलेला स्वानुभव माझा नव्हता, ज्यांचा होता त्यांना मी विचारले नव्हते. पाकीट चिकटवणार तोच आईने ते हातातून काढून घेतले. “नगं. वकील व्हायचाय तू. चारचौघांत तुझं हसं हुईल.” तिला चारचौघांतले हसणे कसे असते ते ठाऊक होते. मी पाकीट ठेवून दिले, आणि खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. आक्का पुढे कित्येक वर्षे मला दुधाचे भांडे देताना विचारत, “काय वकील, छापलंस का?” मी म्हणे, “छापतो, आक्का.” त्यानंतर मी इतरांकडून शेकडो जाहीर खुलासे मागितले. त्यांतले काही मिळालेही.

मागच्या महिन्यात, म्हणून, मी तक्ता केला नाही. मशीन बंद होते ते सगळे दिवस घरातले कपडे मी हाताने धुतले. गुडघे बोलत होते, तरी धुतले. आठवड्याला किती कपडे निघतात, नातवाच्या गणवेशाला किती घासावे लागते, टँकरच्या जड पाण्यात पावडर कशी फेसाळत नाही, हे मला साठी उलटल्यावर समजले. आमच्या नळाखाली बादली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिले. मग मेघनाबरोबर दुकानात गेलो. विक्रेता तरुण, चटपटीत. मोबाइलवरून कसे चालू होते, वीजबचतीचे तारे किती आहेत, सांगत होता. मेघनाने विचारले, “आमच्याकडे पाण्याला जोर नसतो. ह्याला पाणी किती लागतं? आणि मध्येच पाणी गेलं तर काय करतं हे?” तो वळला आणि मला म्हणाला, “सर, टेन्शन घेऊ नका. सगळं ऑटोमॅटिक आहे.”

त्यानंतर मी जे बोललो ते त्या मजल्यावरील सर्वांनी ऐकले. “प्रश्न त्यांनी विचारला आहे, उत्तर त्यांना द्या! आणि लेखी द्या!” मॅनेजर धावत आले. पुस्तिका शोधण्यात आली. अखेरच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, नळाला किमान किती जोर हवा ते लिहिलेले होते. तेवढा आमच्या नळाला नाही. पन्नासेक मशीन मांडलेल्या त्या दुकानात एकाही मशीनच्या दर्शनी भागावर ही गोष्ट लिहिलेली नव्हती. तारे मात्र प्रत्येकावर होते. मेघनाने शेवटी एक साधे मशीन निवडले : बटणे कमी, वरून बादली ओतता येते, पाण्याची पातळी आपण ठरवायची, आणि दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरातच राहतो. मी निवडले असते तर तिसरेच निवडले असते. मी तोंड बंद ठेवले. ते मशीन आता बरोबर चालते आहे. बरोबर म्हणजे काय, हे मी दररोज झाकण उघडून पाहतो, नुसता आवाज ऐकत नाही.

आई नाही. आक्का नाहीत. माझे हसे होऊ नये म्हणून हातातून पाकीट काढून घेणारे आता कुणी उरलेले नाही. म्हणून मागणी नोंदवतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या त्या पत्राखाली ज्याचे पूर्ण नाव व पेठ आहे, त्या इसमाने हे प्रकरण प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांत, त्याच वृत्तपत्राच्या त्याच सदरात, तेवढ्याच जागेत, पुढील दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या नावाने द्यावीत. त्या रविवारी दुकानात आधी कोण हसले? आणि पाडव्यापासून नवरात्रापर्यंत, ज्या हातांसाठी ते मशीन आणले, त्या हातांकडे त्याने किती वेळा पाहिले? उत्तर घरात दिलेले चालणार नाही. घरात ती केव्हाच माफ करून बसली आहे.